सही आणि सहीचं चित्र

यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा आमचा लहानसा कारखाना आहे. 2018 च्या पावसाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकानं आमची बिलं परत पाठवली. मला वाटलं, मालात खोट निघाली. पण खोट होती सहीत! कागदावरच्या सहीचा फोटो मी प्रत्येक बिलाखाली चिकटवून ई-मेलनं धाडत होतो. शेवटी बिलं छापली, हातानं सह्या केल्या आणि एसटीनं स्वतः नेऊन दिली. त्या महिन्यात कामगारांचे पगार चार दिवस उशिरा झाले. ते मनाला फार लागलं.

मग मी नियम समजून घेतले. 17 ऑक्टोबर 2000 रोजी लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं डिजिटल सहीला हाताच्या सहीचा दर्जा दिला. ही सही म्हणजे चित्र नव्हे. बिलाच्या मजकुरातून गणितानं एक छोटा ठसा काढतात आणि तो आपल्या गुप्त किल्लीनं बंद करतात. मागाहून कुणी एक शून्य जरी वाढवलं, तरी तपासणीत ते उघडं पडतं. चिकटवलेलं चित्र मात्र कुणीही उचलून दुसरीकडे लावू शकतो.

जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलावर सही किंवा डिजिटल सही हवी. 2018 सरता सरता त्यात सवलत आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याला धरून काढलेल्या इलेक्ट्रॉनिक बिलाला सही नसली तरी चालते. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या बहुतेक व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकांना दिलेली बिलं ठरलेल्या पोर्टलवर नोंदवावी लागतात. तिथं पोर्टलच डिजिटल सही करतं आणि क्यूआर कोड देतं.

म्हणून आपली सही निकामी झाली असं समजू नका. निविदा भरताना ती लागतेच. माझी किल्ली असलेलं टोकन मी पिनसकट हिशेबनिसाच्या खणात ठेवत असे. आमचे करसल्लागार म्हणाले, “साहेब, सह्या केलेले कोरे चेक असे ठेवाल का?” मी गप्प झालो. किल्ली आपल्याच ताब्यात ठेवा, ती दुसऱ्याच्या हाती पडली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ताबडतोब कळवा, असं कायदाच सांगतो.

आणखी एक. डिजिटल सहीचं बिल छापलं की कागदावर उरतं ते पुन्हा चित्रच. तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा. उद्या वाद उद्भवला, तर खरी सही तिच्यातच सापडेल.