आवाज खाली घे

तापी आणि गोमाईच्या संगमावर आमचं प्रकाशा वसलं आहे. गावाला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वराच्या दर्शनाला लांबून लोक येतात. मी शाळेत शिक्षक होतो आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवायचो. वर्गात एक मुलगी होती. तिचा आवाज इतका उंच आणि मोठा, की प्रार्थनेत बाकीच्यांचं ऐकूच येत नसे. मी म्हणायचो, ‘पोरी, आवाज खाली घे. पुढे माईक आहे.’ हळूहळू ती गुणगुणायलाच लागली. मग तेही थांबलं.

पुष्कळ वर्षांनी रेडिओवर पॅट्रिशिया रोझारिओ यांचं गाणं कानावर पडलं, आणि ती मुलगी आठवली.

त्या ऑपेरा गातात. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊबंद. फरक इतकाच, की तिथे बहुतेक सगळं गाऊनच बोलतात आणि माईक नसतो. समोर वाद्यांचा मोठा ताफा, आणि त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. त्यासाठी श्वासाची वर्षानुवर्षं तालीम करावी लागते. मी ज्याला दोष म्हणालो, ते तिथे भांडवल असतं!

पॅट्रिशियाबाईंचा जन्म १९६० चा, मुंबईतला. घराणं मूळ गोव्याचं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पाश्चात्त्य संगीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. तरीही या गायकीच्या पुढच्या शिक्षणासाठी त्यांना लंडनची गिल्डहॉल संस्था गाठावी लागली. तिथे त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकारानं खास त्यांच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. १९९२ साली त्यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात मुख्य भूमिका बाईंचीच होती. २००१ मध्ये ब्रिटननं त्यांना ओबीई हा किताब दिला.

मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. २००९ पासून पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह त्या भारतात येऊन इथल्या तरुण गायकांना शिकवू लागल्या. आपल्याला जे शोधत परदेशी जावं लागलं, ते त्यांनी इथल्या मुलांच्या दारापर्यंत आणलं.

दक्षिण आफ्रिकेच्या प्रिटी येंडे यांची गोष्टही अशीच. सोळा वर्षांच्या असताना टीव्हीवरच्या एका जाहिरातीत त्यांनी दोन बायकांचं गाणं ऐकलं. ते होतं ‘लाक्मे’ या फ्रेंच ऑपेरातलं, आणि गंमत म्हणजे त्याची कथा हिंदुस्थानात घडते. त्यांनी शाळेतल्या शिक्षकांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी नाव सांगितलं, ऑपेरा. ‘मग मला हे शिकवा,’ असा हट्ट मुलीनं धरला. २०२३ च्या मे महिन्यात राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात ती गायली.

त्या शिक्षकांनी निदान नाव सांगितलं. मला नावही ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ‘खाली घे’ म्हणण्याऐवजी ‘चल, कुणा जाणत्याला ऐकवू’ एवढं म्हणता आलं असतं.

ती मुलगी आता दुसऱ्या गावी नांदते. यात्रेला आली की भेटते, वाकून नमस्कार करते. गाण्याचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, उद्या प्रार्थनेत एखादं मूल सगळ्यांच्या वर गायला लागलं, तर आधी त्याला शेवटपर्यंत गाऊ द्या.