आधी फुंकर, मग श्वास



कोविड होऊन गेला, छातीचा फोटो साफ आला, आणि तरी संत्र्याचं क्रेट उचललं की ‘दम लागते’. घरचे म्हणतात, आळस आहे. त्यांच्यासाठी आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्येच या दुखण्याची व्याख्या केली. लागण होऊन साधारण ३ महिने झाले, त्रास किमान २ महिने टिकला आणि दुसरं कारण सापडत नाही, तर ते सोंग नव्हे.

अशा माणसाला जो तो सांगतो, ‘दीर्घ श्वास घे.’ मग तो बिचारा खांदे वर करून भराभर हवा ओढतो. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि तो आणखी घाबरतो. घाईच्या श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर जातो, त्याच्या या मुंग्या. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. प्राणायामानं अंगात जादा प्राणवायू साठतो ही समजूत त्यांनी मानली नाही. स्वतः योगी असून! आपण मात्र अजून तेच धरून बसलो आहोत.

खरी मदत होते ती उच्छ्वासाची. टेकून बसा, खांदे सैल, एक हात पोटावर. नाकानं अलगद श्वास घ्या, पोट हाताला लागू द्या. मग ओठ चंबूसारखे करून हळू फुंकर सोडा, घेतला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ. जोर लावायचा नाही. दोन-चार मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा. क्रेट उचलतानाही श्वास कोंडू नका, उचलता उचलता फुंकर सोडा. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक सध्या बाजूला ठेवा; टीव्हीवरचे महाराज काहीही म्हणोत.

लंडनच्या एका ऑपेरा संस्थेच्या गायनशिक्षकांनी अशा रुग्णांना ६ आठवडे श्वासाचे धडे आणि अंगाईगीतं शिकवली. १५० जणांवरचा हा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. धाप थोडी कमी झाली, मनाला जास्त उभारी आली; चमत्कार काही झाला नाही. आपल्याकडे भजनी मंडळ आहेच. अभंगाची ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा, हाही व्यायामच. पहिले काही दिवस टाळ दुसऱ्याच्या हातात द्या.

आणि कामाची चाल तिगावहून चिचोंड्याचा घाट चढणाऱ्या मालगाडीसारखी संथ ठेवा. आज बरं वाटलं म्हणून दिवसभर डवरणी केली, की काही जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरतात. असं होत असेल तर व्यायाम वाढवू नका, थकायच्या आधीच थांबा.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, एका पायाला सूज, किंवा बोटावरच्या प्राणवायू मोजायच्या यंत्रात आकडा ९४ च्या खाली, तर फुंकर मारत बसू नका, दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर कोविडच्या नावावर खपवू नका. थुंकी तपासून घ्या; क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.