यंत्राचे दुभाषे

पारनेरच्या एस. टी. स्थानकावर ‘ड्रायव्हर’ हा शब्द उच्चारला, तर नगरच्या किंवा मुंबईच्या गाडीवर बसणारा खाकी वेषांतला गृहस्थच कोणाच्याही डोळ्यांपुढें उभा राहील. तो जागेवर नसेल, तर गाडी कितीही चांगली असो, तेल भरलेलें असो, उतारू खोळंबलेले असोत. ती जागची हालत नाहीं. संगणकाच्या पोटांतही याच नांवाचे कांहीं अदृश्य सेवक राबत असतात. एरवीं त्यांची कोणी विचारपूस करीत नाहीं. पण जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज घातली, म्हणजे त्यांच्यावांचून किती अडतें हें तात्काळ समजतें.

हा प्रसंग अलीकडे पुष्कळ घरीं आला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही २०२१ सालीं निघाली. परंतु तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, तो बहुतांशीं आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा लागतो. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. येथल्या अनेक कुटुंबांचा एक पाय गांवांत, तर दुसरा मुंबईंत. अशा घरांत मुंबईच्या चुलत्यानें वापरून दिलेला लॅपटॉप हाच पुतणीच्या अभ्यासाचा आधार असतो. तो मोडींत काढून नवा घ्यावयाचा, तर कांद्याच्या पट्टीकडे डोळे लावून बसावें लागतें. म्हणून त्याच यंत्रावर नवी प्रणाली चढविली जाते, आणि येथूनच अडचणीस आरंभ होतो.

पडदा उजळतो, पण चित्र भरड दिसतें. आवाज बंद. बोटानें बाण हालविण्याची पट्टी धड चालत नाहीं. वाय-फायचें चिन्हच नाहींसें झालेलें असतें. घरचीं माणसें म्हणतात, यंत्र बिघडलें. वास्तविक एकही भाग बिघडलेला नसतो. बिघडलें आहे तें केवळ संभाषण.

पारनेरच्या सुपुत्राचें उदाहरण येथें लागू पडतें. सेनापती बापट यांचा जन्म १८८० सालीं पारनेर येथें झाला. विलायतेंत शिकावयास गेलेल्या या तरुणानें पुढें पॅरिसमध्यें रशियन क्रांतिकारकांशीं संधान बांधलें. पण त्यांच्याकडून मिळालेली पुस्तिका रशियन भाषेंत होती, आणि भाषांतर झाल्यावांचून तिचा उपयोग नव्हता. देणारा देण्यास तयार, घेणारा घेण्यास उत्सुक; तरी मधला दुभाष्या नसेल तर दोघेही मुके. ड्रायव्हर हा असाच दुभाष्या होय. विंडोज आपली आज्ञा एका ठराविक भाषेंत देते. ध्वनीचा, चित्राचा, जाळ्याचा प्रत्येक भाग आपापल्या कारखान्याची बोली जाणतो. प्रणाली बदलली कीं जुना दुभाष्या कधीं नव्या भाषेस अपुरा पडतो, तर कधीं जुन्या प्रणालीबरोबर पुसला जातो. विशेषतः ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजमध्यें मुळींच चालत नाहीं. आणि विंडोज ११ ही तर केवळ ६४ बिटांचीच आहे.

उपायाच्या मार्गांत पहिलाच अडथळा विचित्र आहे. हरवलेला ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो. पण इंटरनेट मिळण्यास वाय-फायचा ड्रायव्हर हवा. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? यावर सोपी तोड अशी, कीं मोबाईल केबलनें लॅपटॉपला जोडून त्यांतील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. बहुतेक अँड्रॉइड फोन विंडोजला निराळ्या ड्रायव्हरावांचून ओळखतां येतात. तेंही न जमल्यास शेजारच्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर उतरवून आणावा.

जाळें जोडलें गेल्यावर प्रथम विंडोज अपडेटमधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ हें सदर उघडून पाहावें. पुष्कळ ड्रायव्हर तेथेंच सांपडतात. जे उरतील त्यांसाठीं ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ज्या भागापुढें पिवळ्या त्रिकोणांत उद्गारचिन्ह असेल, तो भाग दुभाष्यावांचून बसला आहे असें समजावें. कित्येकदां तेथें नांवही नसतें. नुसतें ‘अननोन डिव्हाइस’ एवढेंच लिहिलेलें असतें. परंतु अनोळखी माणसाच्याही गळ्यांत ताईत असावा, तशी प्रत्येक भागाजवळ स्वतःची ओळख असते. ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडल्यास ती दिसते. तींत पहिला आंकडा कारखान्याचा व दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा आंकडा ८०८६ आहे. १९७८ सालीं त्या कंपनीनें काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचा जो क्रमांक, तोच हा. एएमडीच्या चित्रभागांचा आंकडा १००२ असतो. एकाच नांवाच्या लॅपटॉपांत निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं वाय-फाय कार्डें बसविलेलीं असतात. म्हणून खोक्यावरील नांवापेक्षां ही ओळखच अधिक विश्वसनीय.

ड्रायव्हर घ्यावयाचा तो लॅपटॉपच्या किंवा त्या भागाच्या कारखान्याच्या स्वतःच्या स्थळावरूनच. लॅपटॉपच्या तळाशीं छापलेला क्रमांक तेथें दिला, कीं नेमकी यादी मिळते. आरंभीं चिपसेटचा, मग वाय-फायचा, त्यानंतर चित्राचा व ध्वनीचा, असा क्रम ठेवावा आणि मधून मधून यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. विंडोज ११ साठीं निराळा ड्रायव्हर दिलेला नसल्यास विंडोज १० चा बहुधा चालून जातो. ‘एका क्षणांत सर्व ड्रायव्हर दुरुस्त’ असें आश्वासन देणाऱ्या फुकट्या साधनांपासून मात्र दूर राहावें; त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे घरांत शिरतात. नवा ड्रायव्हर बाधला, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या बटनानें जुना परत आणतां येतो. जुन्या विंडोजवरच नवी चढविली असेल, तर सामान्यतः १० दिवसांपर्यंत मागें फिरण्याचीही वाट मोकळी असते.

ही खटपट केवळ हौसेची नव्हे. एखाद्या सेवा केंद्रांत वयोवृद्ध शेतकरी पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठीं अंगठा टेकतो. अंगठा त्याचाच, यंत्रही शाबूत. पण ठसा वाचणाऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर आणि ‘आरडी सर्व्हिस’ नव्या विंडोजमध्यें बसविलेली नसेल, तर तो आपण आपणच आहों हें सिद्ध करूं शकत नाहीं. सबंध दिवसाची मजुरी बुडवून आलेला मनुष्य ‘उद्यां या’ हे दोन शब्द ऐकून परत जातो. म्हणून केंद्राच्या यंत्रावरील प्रणाली बदलावयाची ती सुटीच्या दिवशीं, आणि जुन्या ड्रायव्हरांची प्रत आधीं पेन ड्राइव्हवर काढूनच.

ज्या यंत्रास विंडोज ११ च्या अटी मुळींच झेपत नाहींत, त्यावर ती आडवाटेनें घालणें शहाणपणाचें नाहीं. अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाहीं. तेथें लिनक्सचा विचार करावा. १९९१ सालीं लिनस टोर्व्हाल्ड्सनें आरंभिलेल्या या प्रणालींत असंख्य भागांचे ड्रायव्हर गाभ्यांतच अंतर्भूत असतात. ब्रॉडकॉमच्या कांहीं वाय-फाय कार्डांसारखे अपवाद आहेत. त्यांचें पूरक साहित्य वेगळें मिळवावें लागतें. परंतु पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून, मूळ डिस्कला धक्का न लावतां, आवाज येतो कीं नाहीं, वाय-फाय लागतें कीं नाहीं, हें आधींच पाहतां येतें. मोट विकत घेण्यापूर्वीं ती विहिरींत सोडून पाहावी, तसेंच हें.

दुष्काळी मुलखांतील माणसें कोणतीही वस्तु सहसा फेंकून देत नाहींत. पाण्याचा थेंब अडविणाऱ्या तालुक्यास ही शिकवण बाहेरून देण्याचें कारण नाहीं. जुना लॅपटॉप मुका झाला, तर त्यास मृत ठरविण्यापूर्वीं त्याचा हरवलेला दुभाष्या शोधून पाहावा, इतकेंच सांगणें आहे. बहुतेक वेळां तो सांपडतो; आणि कोपऱ्यांत पडावयाच्या यंत्रावर एखाद्या मुलीच्या प्रवेशाचा अर्ज मुदतीच्या आंत भरला जातो.