विचारप्रयोगांचे प्रयोजन



पदार्थविज्ञानातील काही प्रयोग प्रयोगशाळेत होतात, तर काही केवळ विचारात. या दुसऱ्या प्रकारात श्रोडिंगर यांच्या मांजराइतका लोकप्रिय प्रयोग क्वचितच असेल. आणि इतका विपर्यासही क्वचितच कोणाच्या वाट्यास आला असेल. ‘मांजर एकाच वेळी जिवंत व मृत असते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे,’ असे सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येते. आणि त्या आधारावर वाटेल तो चमत्कार शास्त्रसंमत ठरविला जातो. म्हणून मुळात काय म्हटले होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ साली हा प्रयोग मांडला. पोलादी पेटीत एक मांजर कोंडले आहे. शेजारी किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प कण आहे. तासाभरात त्यातील एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही. दोन्ही शक्यता समसमान. अणू फुटला तर हातोडी पडून विषाची कुपी फुटेल व मांजर मरेल. पुंजयामिकीच्या गणितानुसार मोजमाप होईपर्यंत अणूच्या दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. मग त्याच्याशी जखडलेल्या मांजराचे काय? हे उदाहरण श्रोडिंगर यांनी हास्यास्पद म्हणूनच दिले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करून त्यातून अनिष्ट निष्पन्न करून दाखविण्याची न्यायशास्त्रातील जी रीत, तीच ही. श्रोडिंगर वेदान्ताचे आस्थेवाईक अभ्यासक होते. परंतु मांजराचा दाखला त्यांनी वेदान्ताच्या पुराव्यादाखल दिलेला नाही.

त्याच वर्षी आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी दुसरा विचारप्रयोग प्रसिद्ध केला. वहाणांच्या जोडापैकी एक वहाण बंद पेटीतून काशीस व दुसरी रामेश्वरास धाडली, तर काशीची पेटी उघडताच रामेश्वरी डावी गेली की उजवी, हे कळते. यात गूढ काही नाही. ते आधीच ठरलेले होते. परस्परांपासून दूर गेलेल्या कणांच्या जोडीतही असेच असले पाहिजे, आणि पुंजयामिकी ते सांगत नसेल तर ती अपूर्ण होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. नील्स बोर यांनी त्याच वर्षी त्याचा प्रतिवाद केला. पुढे कित्येक वर्षे हा वाद केवळ तात्त्विक समजला गेला.

१९६४ साली जॉन बेल यांनी त्यास नवे वळण दिले. कणांची उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि एकाच्या मोजमापाचा दूरच्या दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर निरनिराळ्या दिशांनी केलेल्या मोजमापांतील मेळास एक मर्यादा राहील, हे त्यांनी गणिताने दाखविले. पुंजयामिकीचे भाकीत त्या मर्यादेबाहेर जाते. मनातील प्रश्न असा प्रयोगशाळेच्या दारी आला. १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लॉसर यांनी, १९८२ मध्ये अ‍ॅस्पे व सहकाऱ्यांनी आणि २०१५ मध्ये नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरून याची परीक्षा झाली. मर्यादा ओलांडली गेली. वहाणांचा दृष्टान्त अपुरा ठरला. अ‍ॅस्पे, क्लॉसर व त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या मेळाच्या साहाय्याने प्रकाशाहून जलद संदेश धाडता येत नाही, हेही तितकेच खरे.

आइन्स्टाइन १९५५ साली निवर्तले, बोर १९६२ साली. बेल यांचा निबंध दोघांनाही पाहावयास मिळाला नाही. आइन्स्टाइन यांना अपेक्षित असलेले उत्तर निसर्गाने नाकारले. परंतु त्यांनी प्रश्न इतका नेमका विचारला नसता, तर निसर्गाला उत्तर देण्याची वेळच आली नसती.

विचारप्रयोग हा पुरावा नव्हे, ती कसोटी होय. तो कोणत्या गृहीतावर उभा आहे आणि कोणते गृहीत पाडू पाहतो, एवढे विचारले, तरी मांजराच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळशा चमत्कारांचे निरसन आपोआप होईल.