चेहऱ्यासाठी गोळी : तराजू कोणाच्या हातात?

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आता मुरमांवरसुद्धा शिबिर?" प्रश्न रास्त आहे. रेशन, पाणी, मारहाण हे सगळं बाजूला ठेवून चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवर बोलायचं का? मी बोलणार आहे, आणि ते का हे एका मुलीमुळे.

आमच्या गटात येणारी ही मुलगी सत्तावीस वर्षांची आहे, एका दुकानात हिशेब लिहिते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मोठी, दुखरी मुरमं. पाळीच्या आधीचा आठवडा तर नकोसा. घरात स्थळं बघणं चालू होतं, म्हणून आई तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पाच मिनिटांत चिठ्ठी मिळाली : "हार्मोनच्या गोळ्या आहेत. एकवीस दिवस घ्या, सात दिवस थांबा." दोन महिन्यांनी तिच्या पर्समध्ये वहिनीला ते पाकीट सापडलं. वहिनीनं ओळखलं, कारण बाळंतपणानंतर तिनं तशाच गोळ्या घेतल्या होत्या. पुढे घरात काय झालं ते मी इथे सांगत नाही. आपण संततिनियमनाचं औषध घेत आहोत, हे त्या मुलीला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. कदाचित आईसमोर संकोच वाटला असेल. पण त्या संकोचाची किंमत कोणी दिली?

आता गोळी काय करते ते बघू. आपल्या सर्वांच्याच शरीरात, बायकांच्यासुद्धा, ज्यांना पुरुषी म्हणतात ती संप्रेरकं थोडी असतात. त्यांच्यामुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्रं बुजतात, जंतू वाढतात, सूज येते. मिश्र गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं एक संप्रेरक असतं. ती बीजकोशाला विश्रांती देते आणि रक्तात मोकळं फिरणारं पुरुषी संप्रेरक कमी करते. तेल कमी, मुरमं कमी. म्हणजे हे औषध खोटं नाही. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि बंद केल्यावर पुष्कळ जणींना पुन्हा त्रास सुरू होतो, हे मात्र आधी सांगायला हवं. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

धोक्यांमध्ये सर्वांत गंभीर म्हणजे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2013 मध्ये दिलेले आकडे असे : गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांपैकी वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली गोळी, म्हणजे आपल्या माला-डीमध्ये असतं ते, घेणाऱ्यांत 5 ते 7. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळ्यांत 9 ते 12. मुरमांसाठी आपल्याकडे जी फार लिहून देतात ती सायप्रोटेरॉनची गोळीही धोक्याच्या बाबतीत या वरच्या गटाच्या जवळची. पहिल्या वर्षी धोका जास्त असतो. मध्येच महिनाभर सोडून पुन्हा सुरू केली की तो पुन्हा वाढतो.

हे आकडे लहान आहेत, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. डॉक्टर मंडळी म्हणतात, "अहो, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका याहून कितीतरी जास्त असतो." अगदी खरं. पण इथेच थोडं थांबा. ज्या बाईला दिवस जाऊ द्यायचे नाहीत, तिच्या तराजूत हे माप चालतं. एका पारड्यात गोळीचा धोका, दुसऱ्यात नको असलेल्या गरोदरपणाचा. आमच्या त्या मुलीच्या तराजूत ते गरोदरपण नव्हतंच. तिच्या दुसऱ्या पारड्यात होती फक्त हनुवटी. गोळी तीच, धोका तोच, पण हिशेब वेगळा. अमेरिकेत ज्या थोड्या गोळ्यांना मुरमांसाठी मान्यता आहे, ती याच अटीवर : त्या बाईला संततिनियमनही हवं असलं पाहिजे. तरी तिथे यास नावाच्या गोळीच्या जाहिराती चेहरा उजळण्यावरच चालल्या. शेवटी 2009 मध्ये बायर कंपनीला दुरुस्तीच्या जाहिराती द्याव्या लागल्या.

फ्रान्समध्ये नेमका उलटा प्रकार झाला. सायप्रोटेरॉनची डायन-35 ही गोळी तिथे फक्त मुरमांसाठी मान्य होती आणि डॉक्टर ती सर्रास संततिनियमनासाठी लिहीत होते. पंचवीस वर्षांतल्या चार मृत्यूंचा संबंध तिच्याशी जोडला गेला आणि 2013 मध्ये सरकारनं तिची विक्री थांबवली. युरोपच्या संस्थेनं फेरविचार करून ती ठेवली, पण चौकट आखून : मध्यम ते तीव्र मुरमं असतील, लावायच्या औषधांनी किंवा प्रतिजैविकांनी गुण आला नसेल, तरच, आणि सोबत दुसरी संततिनियमनाची संप्रेरकं घ्यायची नाहीत. 2014 च्या जानेवारीत ती तिथे पुन्हा मिळू लागली.

ते शेवटचं वाक्य आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. आरोग्य केंद्रातून माला-एन घेणारी आणि त्वचेच्या डॉक्टरांकडून 'हार्मोनची गोळी' घेणारी अशी एक बाई मला भेटली. दोन्ही रोज, चहाबरोबर. तिची चूक काय? एकाला दुसऱ्याची माहिती द्यायला तिला दोन्हींत काय आहे हे कळायला तर हवं!

फायद्याची बाजूही पुरी सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. पाळीचं दुखणं आणि जास्त रक्तस्राव कमी होतो. आपल्या देशात रक्त कमी असलेल्या बायकांना ही छोटी गोष्ट नाही. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असेपर्यंत थोडा वाढतो आणि सोडल्यावर काही वर्षांत ओसरतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपणच सांगायच्या गोष्टी : रक्तदाब आहे का, आईला, बहिणीला, मावशीला कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, डोकं उठण्याआधी डोळ्यांपुढे चमचम किंवा नागमोडी रेषा दिसतात का. असा अर्धशिशीचा त्रास असेल तर ही गोळी नको. पस्तिशीपुढे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी घेऊ नये. आपल्याकडे बायका ओढत नाहीत असं गृहीत धरून हा प्रश्न विचारलाच जात नाही. अंगावर पाजत असाल तर सांगा. क्षयाची रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा संततिनियमनासाठी भरवसा धरता येत नाही. पाळी महिनोन्‌महिने येत नसेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर आधी तपासणी व्हावी, कारण गोळीनं दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि मूळ तक्रार झाकली जाते. गोळी चालू असताना एकच पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, छातीत कळ आली, अचानक भयंकर डोकं दुखलं, तर उशीर न करता दवाखाना गाठा आणि "मी गोळी घेते" हे पहिल्या वाक्यात सांगा. भाऊ सोबत असला तरी सांगा.

आणि एक. चेहऱ्याला मैत्रिणीनं दिलेलं 'गोरं करणारं' मलम लावत असाल तर आधी ते बघा. कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि त्यानंच मुरमं येतात. 2018 मध्ये सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण दुकानात जाऊन मागून बघा.

1970 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीवर सुनावणी झाली. तज्ज्ञ बोलत होते, गोळी घेणारी एकही बाई साक्षीला नव्हती. तेव्हा प्रेक्षकांतून बायका उठल्या आणि त्यांनी प्रश्न विचारले. त्यातून पाकिटात माहितीपत्रक घालणं सुरू झालं. आपल्याकडेही जास्त मात्रेच्या ईपी औषधांविरुद्ध गटांनी वर्षानुवर्षं झगडून 1988 मध्ये बंदी आणवली. पण आजही आपल्या हातात येतं ते इंग्रजीतलं, मुंगीएवढ्या अक्षरांचं पत्रक, तेही दुकानदारानं खोक्यातून नुसतं पाकीट काढून दिलं नाही तर.

आपल्यातल्या काहींना वाटतं, चेहऱ्याची काळजी म्हणजे बाजारानं शिकवलेला नखरा. मलाही वाटायचं. पण ज्या मुलीचे व्रण बोटाला लागतात, जिला उशीला गाल टेकवता येत नाही, तिला "तू आहेस तशी सुंदर आहेस" म्हणून आपण मोकळ्या होतो. मुलीला दाखवायची ती पद्धत मोडायची आहे, हे आहेच. पण ती मोडेपर्यंत तिनं दुखणं सहन करावं असं मी म्हणणार नाही.

ती मुलगी आमच्याकडे पाकीट घेऊन आली. वरचे प्रश्न विचारले, तेव्हा कळलं की तिच्या आईला बाळंतपणात पायात गुठळी झाली होती. आईला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बंद केली, लावायची औषधं दिली. वर्षभरात पुष्कळ कमी झालं, पूर्ण गेलं नाही. ती चिडून म्हणते, गोळीनं लवकर गेलं असतं. गेलंही असतं.

दुपारच्या सत्रात पिशवीत असतील त्या चिठ्ठ्या आणि पाकिटं बाहेर काढा. प्रत्येकीवरचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावू. ज्यांना नाव सांगायचं नाही त्यांनी पाकीट दाराजवळच्या टोपलीत टाकलं तरी चालेल.