हिरवं घालू की गुलाबी?

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या ताई दोन बाटल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. एकीत हिरवं पाणी, दुसरीत गुलाबी. म्हणाल्या, “काका, गाडीतलं कूलंट कमी झालंय. आतलं हिरवं दिसतं म्हणून मी हिरवं आणलं, तर मुलगा म्हणतो गुलाबी भारी असतं, तेच घाल. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, काहीही चालतं.” मी विचारलं, “गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कुठं आहे?” ताई हसल्या. “डॅशबोर्डच्या खणात असेल. अजून पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेलं नाही.”

मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पण एवढ्या वर्षांत कूलंटइतकी रंगावरून विकत घेतली जाणारी दुसरी वस्तू मी पाहिली नाही, साड्या सोडल्या तर. कूलंट मुळात जवळजवळ रंगहीन असतं. गळती झाली तर डोळ्यांना दिसावी, कुणी पाणी समजून तोंडाला लावू नये, म्हणून त्यात रंग मिसळतात. कोणी कुठला रंग मिसळावा याला सगळ्या कंपन्यांना बांधील असा नियम नाही. एकाचं हिरवं आणि दुसऱ्याचं हिरवं आतून अगदी वेगळं असू शकतं.

आता काही श्रोते म्हणतील, आमच्या अँबॅसिडरनं आणि फियाटनं जन्मभर नळाचं पाणी प्यायलं, त्यांचं काय बिघडलं? बिघडत होतं हो. खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या आठवा. पाण्याचा डबा डिकीत ठेवल्याशिवाय घाट चढायची कुणाची छाती नव्हती. शिवाय त्या अँबॅसिडरचं इंजिन ओतीव लोखंडाचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. आज रेडिएटर ॲल्युमिनियमचा, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि पाणी फिरायच्या वाटा बारीक. ॲल्युमिनियम हा धातू फार सोसणारा नाही.

मग कूलंट नेमकं करतं काय? ‘गाडी उकळू देत नाही’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, हे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास. म्हणजे फायदा सात-आठ अंशांचाच. खरी करामत रेडिएटरच्या झाकणाची. ते कुकरच्या झाकणासारखं आत दाब धरून ठेवतं. बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाएवढा दाब जास्त असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून गाडी वारंवार तापत असेल तर कूलंटला दोष देण्याआधी झाकणाचं रबर बघा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी ‘तापट’ गाड्या नुसतं झाकण बदलल्यावर शांत झाल्या.

कूलंट खरं कामाला येतं ते गंजाविरुद्ध. बाटलीत पाणी आणि ग्लायकॉल सोडून जो काही टक्के मसाला असतो, त्याच्यावरच निवड ठरते. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असे क्षार असतात. ते धातूवर पटकन थर धरतात, पण लवकर संपतात. साधारण दोन वर्षांत ते बदलावं लागतं. दुसरं घराणं सेंद्रिय आम्लांचं. ती आम्लं धातूला जिथं गंज धरू पाहतो तेवढ्याच जागी काम करतात, म्हणून पाच वर्षं किंवा जास्तही टिकतात. तिसरं घराणं या दोघांच्या संकराचं, आणि आजच्या बऱ्याच गाड्या तेच मागतात.

पण त्यातही देशोदेशींचा फरक आहे. युरोपात पाणी जड, त्यात फॉस्फेट मिसळलं की क्षारांचा थर धरतो. म्हणून तिकडच्या कंपन्यांनी फॉस्फेट वर्ज्य केलं आणि थोडं सिलिकेट ठेवलं. जपान्यांना वाटे की सिलिकेटमुळं वॉटर पंपाचं सील झिजतं. त्यांनी उलट केलं, सिलिकेट काढलं आणि फॉस्फेट ठेवलं. तेव्हा चाकणला तयार झालेली असली तरी जर्मन घराण्याच्या गाडीची मागणी वेगळी आणि आपल्या रस्त्यांवर जास्त दिसणाऱ्या जपानी घराण्याच्या गाड्यांची वेगळी. ती मागणी लिहिलेली असते त्या पिशवीतून न काढलेल्या पुस्तकात.

आणि पाणी. इथं मी स्वतःचीच फजिती सांगतो. वर्गात मुलांना ‘डिस्टिल्ड वॉटरच घाला’ म्हणून घोकून घेणारा मी, आणि माझ्या पहिल्या गाडीला मात्र नऊ वर्षं अंगणातल्या बोअरचं पाणी. आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी, क्षारांनी भरलेलं. शेवटी रेडिएटर उघडला तेव्हा आत जुन्या बंबात असतो तसा पांढुरका थर. निम्म्या नळ्या बुजलेल्या. हेड वाकलेलं, त्याचं फेसिंग करून घ्यावं लागलं. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये. तो काही बोलला नाही, पण बिल देताना हसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक तयार मिसळलेलं, सरळ ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालूनच वापरायचं. ‘अस्सल आहे, तसंच घालू’ असा मोह धरू नका. नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. लेह-लडाखला निघालेल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. जायच्या आधी गॅरेजमध्ये मिश्रणाचं प्रमाण मोजून घ्या. वर्षानुवर्षं पाणी वाढवत गेलेलं कूलंट नावापुरतंच उरलेलं असतं.

ताईंचं पुस्तक आम्ही उघडलं. त्यात सिलिकेट नसलेलं, दीर्घ मुदतीचं कूलंट सांगितलं होतं. दोन्ही बाटल्यांवर त्याचा उल्लेख नव्हता, आयएस ५७५९ हा भारतीय मानकाचा आकडाही नव्हता. दोन्ही परत गेल्या. वेगळ्या घराण्याची दोन कूलंट मिसळली तर कधी आत चिखल होतो. नाही झाला तरी गंज रोखण्याचं बळ कमी होतं. वाटेत अडचण आलीच तर थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला आणि घरी आल्यावर सगळं बदलून घ्या. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, फक्त ॲसिडची बाटली उचलून आणू नका. इंजिन गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे निराळं सांगायला नको.

शेवटची एक विनंती. काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोड्याशानंही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. डब्यात भरून, झाकण लावून, गॅरेजवाल्याच्या हवाली करा.