छायाचित्रांचे प्रकार आणि त्यांचे इमान

(मुळशी तालुक्यातील भूगाव येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने आपल्या गावाकडे येताना मनात एक विचार आला. जेथे काही वर्षांपूर्वी शेते होती तेथे आज बहुमजली इमारती उभ्या आहेत. हा बदल डोळ्यांदेखत झाला. पण पूर्वीचे भूगाव कसे होते, हे पुढच्या पिढीला दाखवील असे छायाचित्र, स्थळ आणि तारखेसह, गावाच्या दप्तरात आहे काय? लग्नाची, सत्काराची, उद्घाटनाची छायाचित्रे घरोघरी सापडतील. गावाचे म्हणून काढलेले छायाचित्र मात्र क्वचितच आढळेल. या एका प्रश्नातच आजचा विषय सामावलेला आहे. छायाचित्रे अनेक प्रकारची असतात आणि एका प्रकारचे काम दुसऱ्या प्रकाराकडून होत नाही.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. तेव्हापासून या कलेला अनेक शाखा फुटल्या. व्यक्तीचे, निसर्गाचे, वन्यप्राण्यांचे, क्रीडेचे, बातमीचे, जाहिरातीचे अशी त्यांची विभागणी सामान्यतः विषयावरून केली जाते. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. माझ्या मते खरा भेद आहे तो पाहणाऱ्याला दिलेल्या वचनाचा. छायाचित्रकाराने समोरच्या दृश्यात किती हात घालावा, याची प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी आहे.

व्यक्तिचित्र आणि जाहिरात

व्यक्तिचित्रात मांडणीला पूर्ण मुभा असते. बसण्याची ढब सुचवावी, प्रकाश एका बाजूने घ्यावा, मागची पार्श्वभूमी धूसर करावी. त्यात कोणाची फसवणूक नाही. चेहऱ्यामागचा माणूस दिसावा, एवढेच तेथे वचन असते. १९४६ मध्ये पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी महात्मा गांधींचे चरख्याजवळ बसलेले जे छायाचित्र काढले ते जगभर गेले. छायाचित्र काढण्यापूर्वी चरखा चालविण्यास शिका, अशी अट त्यांना घालण्यात आली होती. ज्याचे चित्र काढावयाचे त्याचे काम आधी समजून घ्यावे, हा त्यातील धडा आहे.

जाहिरातीत मुभा याहूनही अधिक. तेथे दृश्य निर्माणच केले जाते आणि ते निर्माण केलेले आहे हे पाहणाराही जाणतो.

निसर्ग आणि वन्यजीव

निसर्गचित्रणात मांडणी करावयाची नसते, वाट पाहावयाची असते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, भिंगाचे छिद्र लहान करून जवळच्या खडकापासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट टिपले जाते. पण योग्य प्रकाश सूर्य देईल तेव्हाच मिळतो. वन्यजीवांच्या बाबतीत तर नियम अधिकच कडक आहे. २०१८ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आपल्या स्पर्धेतील एक पारितोषिकप्राप्त छायाचित्र अपात्र ठरविले. त्यातील मुंगीखाऊ प्राणी जिवंत नसून पेंढा भरलेला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. छायाचित्रकाराने तो नाकारला. हेच चित्र जाहिरात म्हणून आले असते तर कोणी हरकत घेतली नसती. चित्र तेच, पण वचन बदलले की गुणाचा दोष होतो.

बातमी आणि क्रीडा

डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती स्पर्धा आपल्या याच भूगावात भरली आणि अभिजित कटके यांनी किरण भगत यांच्यावर मात करून गदा पटकावली. आपल्यापैकी अनेकांनी ती लढत पाहिली असेल. त्या आखाड्याच्या कडेला बसलेल्या छायाचित्रकाराची स्थिती ध्यानात घ्या. पट काढण्याचा क्षण निमिषात येतो व जातो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात तो टिपावा लागतो. हुकला तर 'पैलवान, डाव पुन्हा एकदा टाका,' असे म्हणता येत नाही.

बातमीच्या छायाचित्राचा धर्म हाच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातील अनेक प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्याने जतन केले. त्यांचे मोल केवळ सौंदर्यात नाही. घडले तसे ते आहेत, या विश्वासात आहे. वृत्तछायाचित्रात उजेड कमीअधिक करता येतो, परंतु एखादी वस्तू वा व्यक्ती घालता किंवा काढता येत नाही.

अभिलेखाचे छायाचित्र

आपल्या कामाशी सर्वांत निकटचा प्रकार अभिलेखाचा. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्यासाठी नेमणूक झाली. या कामात त्यांची अनेक वर्षे गेली. यांतील बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. परंतु गिल यांनी अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची छायाचित्रेही काढली होती व ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्यांत रंग नाहीत, तरीही त्या काळी लेणी कोणत्या स्थितीत होती याची ती साक्ष देतात.

याउलट उदाहरण मुंबईचे आहे. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ पासून मुंबईतील विविध जातीजमातींच्या लोकांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्यामागील देखावे दुसरीकडचे, असे जोडकाम त्यांत आहे. माणसे खरी, स्थळेही खरी, पण त्या माणसांचे त्या स्थळी असणे खरे नाही! अभ्यासकाला अशा चित्रावर विसंबताना दहा वेळा विचार करावा लागतो.

अभिलेखाच्या छायाचित्राला सौंदर्याची गरज नाही. तारीख, स्थळ, दिशा आणि प्रमाण यांची आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या पुराच्या छायाचित्रांत ओळखीची इमारत वा पूल दिसला की पाणी कोठवर चढले होते हे आजही कळते.

एक चूक

येथे माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, एका गावी नळपाणी योजनेच्या उद्घाटनाचे छायाचित्र काढण्यास मी गेलो होतो. त्या दिवशी नळाला पाणी आले नाही. मी शेजारच्या टँकरमधून हंडे भरून घेतले आणि भगिनींना नळाजवळ उभे केले. छायाचित्र सुरेख आले, छापूनही आले. पुढे उन्हाळ्यात त्या गावाने टँकर मागितला, तेव्हा एका कार्यालयात तेच छायाचित्र पुढे करण्यात आले. "येथे तर पाणी पोहोचले आहे!" पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "सायेब, तुमच्या फोटूत पानी हाय, आमच्या नळाला न्हाई." खरी हकीकत मी लेखी कळविली, टँकर सुरू झाला, पण मधले दिवस त्या भगिनींनी पायपीट केली. मी जाहिरातीचे चित्र काढले आणि ते अभिलेख म्हणून वापरले गेले.

आज ही जबाबदारी एकट्या माहिती खात्याची राहिलेली नाही. घरकुलाच्या बांधकामाचे टप्पे स्थाननोंदीसह छायाचित्रांतून कळवावे लागतात. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही छायाचित्राने घेतली जाऊ लागली. परंतु प्रत्यक्ष मजुरांऐवजी जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठविण्याचे प्रकार केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २०२५ मध्ये निदर्शनास आणले. यंत्र स्थळ आणि वेळ नोंदवील. इमान मात्र ते धरणाऱ्या हातातच असावे लागते. आता तर न घडलेले दृश्य संगणक क्षणात तयार करून देतो. म्हणून हा विवेक अधिकच निकडीचा झाला आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. उद्घाटनाचे छायाचित्र अवश्य काढा, पण ते कामाचा पुरावा म्हणून दप्तरात लावू नका. काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना व पूर्ण झाल्यावर त्याच जागेवरून, त्याच दिशेने छायाचित्रे घ्या आणि प्रत्येकाबरोबर तारीख, स्थळ व काढणाऱ्याचे नाव नोंदवा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा गावातील ठरलेल्या दहा जागांची छायाचित्रे काढण्यास सांगावे: शाळा, तळे, ओढा, वेस, मुख्य रस्ता. दहा वर्षांत भूगावचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही ग्रंथालयात आयता मिळणार नाही. त्याच वेळी मुलांना विचारावे, 'हे छायाचित्र कोणत्या प्रकारचे? ते कोणते वचन देते?' हा प्रश्न विचारावयाची सवय लागलेला विद्यार्थी उद्या सहजासहजी फसणार नाही आणि कोणाला फसविणारही नाही.